बॉल अ‍ॅलीच्या फरशीसाठी आवाहन : १८०० चौरस फूट, त्यातला एक तरी तुमचा असू दे

नमस्कार मंडळी,

रात्रपाळी संपवून आत्ता घरी आलेय, पोरं शाळेत गेलीत, झोपायच्या आधी हे लिहून टाकते, नाहीतर परत राहील. काल आपल्या गावच्या हँडबॉल क्लबच्या कमिटीची मीटिंग झाली आणि एकच विषय होता, बॉल अ‍ॅलीची, म्हणजे हँडबॉल खेळायच्या भिंतींच्या उघड्या कोर्टची, फरशी. ऑक्टोबरच्या बँक हॉलिडेच्या आत पैसे उभे राहिले नाहीत तर काँक्रीटवाला आपली तारीख दुसऱ्याला देऊन टाकणार, आणि एकदा रात्रीचं गोठायला लागलं की काँक्रीट ओतता येत नाही, म्हणजे गेलं थेट पुढच्या वर्षावर. इंग्रजी पत्रक गावात घरोघरी जाणारच आहे, पण मराठी घरांसाठी तू तुझ्या भाषेत लिही असं अध्यक्षकाकांनी मला मुद्दाम सांगितलं, म्हणून हा प्रपंच.

जुन्या मंडळींना सगळं माहीतच आहे, पण यंदा इथे आयर्लंडच्या किलकेनीत बरीच नवीन कुटुंबं आलीत, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. हँडबॉल म्हटलं की आपल्याला तो गोलवाला खेळ आठवतो, सात-सात जणांचा. हा तो नाही. इथला हँडबॉल म्हणजे भिंतीवर उघड्या हाताने चेंडू मारायचा, एकदा टप्पा पडायच्या आत किंवा पडल्यावर समोरच्याने परत मारायचा, बस्स. सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट, २१ ला गेम. आपण लहानपणी वाड्याच्या भिंतीवर रबरी बॉल आपटत तासन् तास खेळायचो आणि शेजारच्या काकू ओरडायच्या, त्याचंच हे मोठं रूप समजा. आणि ओरडणारे इथेही होतेच, गॉलवे शहराच्या १५२७ च्या नियमांत हँडबॉलवर बंदी घातल्याची नोंद आहे! म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीसुद्धा लोक हा खेळ इतका खेळत होते की बंदी घालावी लागली.

आपल्या गावची अ‍ॅली जुन्या मापाची आहे, साठ बाय तीस, म्हणजे ६० फूट लांब, ३० फूट रुंद, समोरची भिंत ३० फूट उंच आणि वर छप्पर नाही. आत्ताच्या म्हाताऱ्यांच्या वडिलांनी ती बांधली, वाळू घोडागाडीने आणली, काम सगळं फुकट. शेतीची कामं गावाने मिळून करायची इथे पद्धत आहे, त्याला आयरिशमध्ये मेहल म्हणतात, आपल्याकडे इर्जिक म्हणायचे ना अगदी तेच. मी कोल्हापूरकडची, आम्हाला तालीम म्हटलं की कळतं, ती गल्लीची असते, एकाची नसते. अ‍ॅली तशीच. तिथे मॅच व्हायच्या, रविवारी चर्चमधली मास (प्रार्थना) संपल्यावर अख्खं गाव तिथेच उभं राहायचं, उन्हाळ्यात त्याच फरशीवर नाच व्हायचे, लग्नं जुळायची. पोस्टमनकाका सांगतात की त्यांनी त्यांच्या बायकोला पहिल्यांदा तिथेच बघितलं आणि त्या दिवशी ते मॅच हरले.

आणि हा काही उगीच गल्लीतला खेळ नाही हो. १ नोव्हेंबर १८८४ ला आपल्या शेजारच्या टिपररीत, थर्ल्सच्या हेज हॉटेलात जीएए (आयर्लंडच्या देशी खेळांची संघटना) स्थापन झाली, तिच्या खेळांत हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा इथला खेळ) आणि गेलिक फुटबॉलच्या बरोबरीने हँडबॉल सुरुवातीपासून आहे. १९२४ मध्ये त्याची स्वतंत्र संघटना झाली. त्याच्याही आधी, १८८७ मध्ये, पलीकडच्या लीश काउंटीतल्या माउंटरॅथचा फिल केसी, जो पोट भरायला अमेरिकेत ब्रुकलिनला गेला होता, त्याची आणि आयर्लंडच्या जॉन लॉलरची जगातल्या नंबर एकसाठी मॅच झाली, २१ गेम, पहिले दहा कॉर्कला आणि उरलेले ब्रुकलिनला. कॉर्कमध्ये लॉलर पुढे होता, पण ब्रुकलिनला केसीने ओळीने सात गेम मारले आणि तो जिंकला. ह्याच केसीने तिकडे कोर्ट बांधलं, खेळ रुजवला, पुढे न्यूयॉर्कच्या बागांमधून एका भिंतीचा हँडबॉल पसरला, आणि तोच एका भिंतीचा प्रकार आता आयर्लंडमध्ये परत येऊन शाळाशाळांत खेळला जातोय. घर सोडून गेलेल्या माणसाने बरोबर नेलेली गोष्ट सव्वाशे वर्षांनी परत गावात आली. मला तरी हे वाचून भरून आलं होतं, आपण सगळे घर सोडून आलेलेच ना.

किलकेनीचं म्हणाल तर इथे डक्सी वॉल्शचं नाव काढलं की माणसं आजही गप्प होऊन ऐकतात. टॅल्बट्स इंचचा हा माणूस, ३८ ऑल-आयर्लंड सीनियर टायटल्स, त्यात साठ बाय तीसच्या सिंगल्समध्ये १९८५ ते १९९७ सलग तेरा वर्षं कोणी हरवू शकलं नाही. २०१६ मध्ये गेला बिचारा, अवघा पन्नाशीचा. आपले अध्यक्षकाका त्याच्याविरुद्ध एकदा खेळलेत, २१ मधले चार पॉइंट मिळाले होते आणि ते चार त्यांना आजही क्रमाने पाठ आहेत. हर्लिंगवाले पण हिवाळ्यात हँडबॉल खेळतात, हात आणि नजर दोन्ही तयार होतात म्हणून, २०१४ चा हर्लर ऑफ द इयर रिची होगन हा हँडबॉलचाही पक्का खेळाडू. आणि मुलींच्या आयांसाठी मुद्दाम सांगते, कॉर्क-केरीच्या सीमेवर बॅलीडेसमंड नावाचं छोटंसं गाव आहे, तिथली कॅट्रिओना केसी जागतिक विजेती झाली. छोट्या गावातूनच.

मग आपली अ‍ॅली पडली कशाने? एक तर माणसंच गेली, बोटीने इंग्लंडला, विमानाने बोस्टनला. दुसरं म्हणजे १९७० नंतर चाळीस बाय वीसचं छोटं, बंदिस्त, छपराचं अमेरिकन मापाचं कोर्ट आलं, पावसाचा त्रास नाही, ज्या क्लबांकडे पैसे होते त्यांनी ती बांधली आणि उघड्या अ‍ॅल्या तशाच पडून राहिल्या. देशभर हेच झालं. ओल्या फरशीवर चेंडू उसळत नाही आणि इथला पाऊस तुम्हाला माहीतच आहे. आधी पोरं यायची बंद झाली, मग आयव्हीच्या वेली चढल्या, मग कोणीतरी कचरा टाकायला लागलं.

आम्ही ह्या गावात राहायला आलो तेव्हा मला वाटलं ती जुनी गिरणी आहे. हिरवी, उंच, काळोखी. एक दिवस पोस्टमनकाका तिथे उभे होते, त्यांनी माझ्या धाकट्याला बघितलं, खिशातून चेंडू काढला, वेलींमधून जेवढी भिंत दिसत होती तेवढ्यावर मारला आणि त्याला म्हणाले आता तू. सत्तरी ओलांडलेला माणूस खिशात चेंडू घेऊन फिरतो, आणि खेळायला कोणी नाही! त्या संध्याकाळी पोरगं तळहात लाल करून घरी आलं आणि जेवताना दुसरं काही बोलेचना.

तिथून हे सगळं सुरू झालं, आणि ज्यांनी केलं त्यांची नावं इथे लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत, पण तुम्ही ओळखाल. ट्रॅक्टरवाले शेजारी, ज्यांनी आठ वीकेंड डिझेल स्वतःचं घातलं. आयव्ही ओढून काढायची नसते, खाली बुंध्याशी कापून वाळू द्यायची असते, हिरवी ओढली तर प्लॅस्टर बरोबर घेऊन येते, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. पक्ष्यांच्या घरट्यांसाठी मार्च ते ऑगस्ट इथे झाडोरा तोडायला बंदी असते म्हणून सप्टेंबरपर्यंत थांबलो तेव्हा त्यांनीच सगळ्यांना धीर दिला. रिटायर झालेले मास्तर, ज्यांनी जुन्या क्लबची मिनिट्सची वही इतकी वर्षं पोटमाळ्यावर जपून ठेवली, त्यात चेंडूसाठी गोळा केलेल्या पेन्यांचा पण हिशोब आहे. बोस्टनच्या दोघी बहिणी, ज्यांचे वडील ही भिंत बांधणाऱ्यांत होते, त्यांनी वडिलांच्या नावाने समोरच्या भिंतीचं प्लॅस्टर करून दिलं आणि पाटी लावू दिली नाही. आपल्या वॉर्डमधल्या नाशिकच्या सिस्टरताई, मराठी घरांतले पहिले शंभर युरो त्यांचे, ते पण त्यांच्याकडे परमनंट नोकरी नसताना. सांगलीचे भाऊ, ज्यांनी फ्लडलाइटचं वायरिंग रजा काढून केलं. आणि त्या वहिनी ज्यांनी प्रत्येक कामाच्या दिवशी पन्नास-पन्नास बटाटेवडे केले, गावातली म्हातारी माणसं आता वड्याला वडाच म्हणतात आणि नाही आणला तर विचारतात. ह्या माणसांचे उपकार फेडायचे म्हटलं तरी फिटणार नाहीत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लिमरिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, तेव्हा आपण व्हॅन करून पोरांना घेऊन गेलो होतो. परत येताना पूर्ण रस्ता ती एकच विचारत होती की आपल्या अ‍ॅलीत मॅच कधी होणार. आज शनिवारी पंचवीस-तीस पोरं येतात, त्यात आपली नऊ, पोलिश आहेत, केरळची आहेत, ब्राझीलची दोघं आहेत. भिंती झाल्या, लाइट झाले. फरशी मात्र तीच, भेगा पडलेली, एका कोपऱ्यात पाणी साचतं. गेल्या महिन्यात एक मुलगी घसरून मनगट मोडून घेऊन बसली. त्या दिवसापासून मागची अर्धी बाजू आम्ही दोरी लावून बंद केलीय आणि निम्म्या कोर्टवर पोरं रांग लावून खेळतात.

आता जरा मनातलं बोलते, राग मानू नका. मागच्या वर्षी मी हेच ग्रुपवर टाकलं होतं, तेव्हा ढीगभर अंगठे आणि नमस्कार आले, पैसे तीन घरांतून आले. त्याच आठवड्यात क्रिकेटच्या जर्सींसाठी एका संध्याकाळीत वर्गणी पूर्ण झाली. क्रिकेटवर माझा राग नाही, माझा नवराच त्यात खेळतो. पण दिवाळीला हॉल पाहिजे होता तेव्हा ह्याच क्लबच्या लोकांनी तो आपल्याला भाडं न घेता मिळवून दिला होता, रात्री दोन वाजता रांगोळी पुसायला अध्यक्षकाका स्वतः थांबले होते, आणि नंतर त्यांनी एका शनिवारी फावडी घेऊन बोलावलं तेव्हा आपल्यातले चार जण आले. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवलं नाही. ते काही बोलले नाहीत, बोलणार पण नाहीत. एका ताईंनी मला विचारलं होतं की ह्या खेळात पुढे स्कोप काय. स्कोप काही नाही हो ताई, स्कॉलरशिप नाही, पैसा नाही. पण माझ्या पोराला रस्त्याने जाताना प्रत्येक घरातून नावाने हाक मारतात, आणि ती शाळेमुळे किंवा माझ्या नोकरीमुळे नाही, त्या भिंतीमुळे. मालवणातल्या वराडच्या घरातला मुलगा, लिओ वराडकर, ह्या देशाचा पंतप्रधान झाला त्याचं आपण सगळ्यांनी किती कौतुक केलं, स्टेटस ठेवले. मग आपल्या दारातल्या गावासाठी पण काहीतरी करू या ना.

तर कामाचं, थोडक्यात लिहिते कारण डोळे मिटायला लागलेत. फरशी ६० गुणिले ३० म्हणजे १८०० चौरस फूट, एका चौरस फुटाला १० युरो धरलेत, त्यात जुनं उकरणं, पाण्याचा निचरा, काँक्रीट, वरचं फिनिश आणि रेषा सगळं आलं. एक फूट घ्या, दहा घ्या, दोन घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. मास्तर चौकटींचा नकाशा वहीत काढून ठेवतायत, तुमच्या चौकटीत तुम्ही सांगाल ते नाव, आजी-आजोबांचं लिहिलंत तरी चालेल, वही देवनागरीत भरायचं काम माझं. सरकारी ग्रँटचा अर्ज केलाय पण त्यात क्लबचा स्वतःचा वाटा आधी दाखवावा लागतो, म्हणून हे पैसे आधी पाहिजेत. पैसे फक्त क्लबच्या खात्यावर, रेव्होलट अ‍ॅपने किंवा बँकेने, नंबर ग्रुपवर वर पिन केलाय, माझ्या किंवा कोणाच्याही पर्सनल खात्यावर पाठवू नका, रोख द्यायचे तर खजिनदारांकडे आणि पावती घ्या. भारतातून कोणाला द्यायचं असेल तर आधी मला मेसेज करा. पैसे जमत नसतील तर मुलांचे हँडबॉलचे चष्मे (ते सक्तीचे आहेत) आणि लहान मापाचे ग्लोव्ह्ज द्या, किंवा या आणि राबा.

जुनी फरशी उकरायचा दिवस बँक हॉलिडेच्या आधीच्या शनिवारी, सकाळी नऊला, पाऊस असला तरी. मेहल आहे, म्हणजे इर्जिकच, तेव्हा घरटी एक माणूस तरी. गमबूट आणि जाड हातमोजे आपापले आणा, फावडी ट्रॅक्टरवाल्यांकडे आहेत. वडे आहेत. गाडी चर्चच्या मागे लावा, अ‍ॅलीच्या गेटसमोर लावू नका, डंपर आत यायचाय.

आपली,
सहसचिव (मराठी घरांसाठी)

ता. क. – पोस्टमनकाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बरे आहेत, उकरायच्या दिवशी खुर्ची टाकून बसणार म्हणतायत. पहिला चौरस फूट त्यांनी घेतलाय, सर्व्हिस लाइनजवळचा, डाव्या भिंतीलगत. तो कोणी मागू नका.