अर्धी ओळ मरणाची, अर्धी आपली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बाबांच्या शोकसभेत जो तो कविता म्हणत सुटला, त्याचा तुला राग आला. ‘कविता म्हणून कोण परत आलंय?’ असं तू विचारलंस. कोणीच नाही गं. पण चांगला कवी गेलेला माणूस परत मागतच नाही. मरणानं जे नेलं ते नेलं, त्यापुढे तसूभर मिळणार नाही, एवढ्यासाठी तो हटून बसतो.

बहिणाबाईंचं बघ. खानदेशातली शेतकरीण, अक्षरओळख नाही, ऐन तारुण्यात वैधव्य. नवरा गेल्यावरच्या त्यांच्या ओळी आहेत:

जरी फुटल्या बांगड्या, मनगटी करतूत
तुटे मंगयसूतर, उरे गयाची शपथ

नीट बघ, ओळ मधोमध मोडली आहे. बांगड्या फुटल्या, कबूल. पण लगेच मनगट आलं, त्यातली धमक आली. मंगळसूत्र तुटलं, तेही कबूल. गळ्याची शपथ कोण तोडणार? कुंकू पुसलं तर गोंदण आहेच. बाईच्या अंगावरून जे जे उतरवतात त्याची यादी त्या स्वतःच वाचतात आणि दर वेळी उतरवता न येणारं काहीतरी पुढे करतात. अर्धी ओळ मरणाची, अर्धी त्यांची. रडारड नाही, तत्त्वज्ञान तर त्याहून नाही. 1951 मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकात आली, कारण त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती उतरवून ठेवली होती.

(माझं मंगळसूत्र मी काढलेलं नाही. तुझ्या आत्यांना ते खटकलंय. त्यावर फोनवर बोलू.)

तुकोबांचा डाव वेगळाच. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां, तो झाला सोहळा अनुपम्य.’ जे पुढे व्हायचं ते ‘पाहिले’ म्हणून मागे टाकून मोकळे! घडून गेलेल्या गोष्टीची भीती कोण घालणार? मला मात्र एवढी उंची झेपत नाही, सध्या तर नाहीच.

तुझा लाडका इंग्रजी कवी डिलन थॉमस मी पुन्हा वाचला, त्याची ‘डू नॉट गो जंटल इन्टू दॅट गुड नाइट’ ही कविता. वडील खंगत चाललेले, दृष्टी जात चाललेली, आणि हा म्हणतो, निमूट जाऊ नका, चिडा, भांडा. एकोणीस ओळींत दोनच ओळी आलटून पालटून परत येतात, म्हणून कविता पुढे सरकायलाच तयार नसते. दारात आडवं पडलेल्या पोरासारखी. आधी शहाणी माणसं, भली माणसं, बेफाम माणसं, गंभीर माणसं, असा सगळा गाव फिरून शेवटच्या कडव्यात तो वडिलांना हाक मारतो. इतका वेळ त्याला ते जमलंच नसणार. 1951 मध्ये कविता छापली, पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात वडील गेले, आणि 1953 च्या नोव्हेंबरात, चाळिशीच्या आतच, तो स्वतः.

तरी मला बहिणाबाई जवळच्या वाटतात. थॉमस माणूस जायच्या आधी ओरडतो. बहिणाबाई माणूस गेल्यानंतर उभ्या राहतात, आणि डोळ्यांपुढे पोरं असतात.

तेव्हा शोकसभेतल्या लोकांवर रागव, खुशाल रागव. गोड गळ्यानं मरण गुळगुळीत करून टाकणं मलाही सहन होत नाही. कवितेवर मात्र तो राग काढू नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा थॉमसची कविता मोठ्यानं वाचून दाखव. माझ्या उच्चारांनी तिची पार वाट लागते. आणि येताना बाबांचा तो तपकिरी स्वेटर घेऊन ये, तू नेलास हे मला माहीत आहे.

तुझी,
आई