"आई इथे बसली तर चालेल ना तुला?"

डॉक्टर मॅडम,

आभार समोरच मानायचे होते, पण त्या दिवशी घसा इतका दाटून आला की नुसती मान हलवून बाहेर पडले. म्हणून हे पत्र.

मुलगा 9 वर्षांचा, अजून अंथरूण ओलं करतो, म्हणून तुमच्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. एका डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "गाढ झोपतो हो, मोठा झाला की थांबेल." दुसऱ्यांनी त्याच्यादेखत विचारलं, "लाज नाही वाटत याला?" ते वाक्य अजून माझ्या छातीत रुतलेलं आहे. त्याचं काय झालं असेल!

तुम्ही खुर्ची त्याच्याजवळ ओढलीत आणि त्याला विचारलंत, "आई इथे बसली तर चालेल ना तुला?" तोवर सगळ्यांनी मलाच विचारलं होतं, त्याला कुणीच नाही. लहान असला तरी शरीर त्याचं आहे, एवढं साधं कळायला मोठं शिक्षण कशाला लागतं? त्याने मान डोलावली. मग झोप कशी लागते असं विचारलंत, तर म्हणाला, "मी भिंतीला टेकून बसतो. झोपलोच नाही तर होणारच नाही ना."

मी शेजारच्या खोलीत असायचे. मला पत्ताच नव्हता. वर रात्री 2 वाजता त्याला फरफटत उठवून न्यायचे आणि शाळेत पेंगतो म्हणून रागवायचे.

वरून गाढ दिसणारी ही झोप आतून तुटक असू शकते, भरलेलं मूत्राशय मेंदूला सारखं ढोसतं पण पुरती जाग येत नाही, हे तुमच्याकडून कळलं. घोरतो का, पोट साफ होतं का, हेही पहिल्यांदा तुम्हीच विचारलंत. आणि 7 वर्षांच्या 100 मुलांत साधारण 10 जणांना हे होतं असं सांगितलंत, तेव्हा तो हळूच म्हणाला, "म्हणजे आमच्या शाळेतही कुणीतरी असेल?"

आता तो आडवातिडवा पसरून झोपतो. गेल्या आठवड्यात दोनदा चादर ओली झाली. पूर्वी तो ती पलंगाखाली कोंबायचा. या वेळी दोन्हीदा त्याने मला हाक मारली.

तुमची ऋणी,
एक आई