ग्रहण आमच्या मागच्या खोलीत आणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर तुमच्या हातात द्यायचं होतं. पण तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि तुम्ही बदलापूरला लेकीकडे राहायला गेलात. निघायच्या दिवशी टेम्पोपाशी घाईघाईत नुसता नमस्कार झाला, बोलायचं ते राहूनच गेलं. पाचपाखाडीतल्या ज्या ज्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी तुमच्या दुर्बिणीला डोळा लावला, त्यांनीही वाचावं म्हणून असं उघड लिहितेय.

२०२२ ची दिवाळी तुम्हाला आठवत असेलच. नरकचतुर्दशीची अंघोळ आणि लक्ष्मीपूजन सोमवारी एकाच दिवशी, २४ ऑक्टोबरला. पाडवा आणि भाऊबीज बुधवारी. मधला मंगळवार मोकळा, आणि त्या मंगळवारी खंडग्रास सूर्यग्रहण. मला सातवा महिना लागलेला.

तुमची तयारी मात्र सप्टेंबरपासूनच सुरू होती. गुरू ग्रह ५९ वर्षांत इतका जवळ आला नव्हता, म्हणून २६ सप्टेंबरच्या आसपास तुम्ही रोज संध्याकाळी आकाश बघून ठरवायचात, आज गच्चीवर जमायचं की नाही. पाऊस त्या वर्षी हटायलाच तयार नव्हता. दोनदा सतरंज्या अंथरल्या आणि दोनदा गुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी ढगांत फट पडली तेव्हा तुम्ही दुर्बीण लावलीत. ती दुर्बीण मी आधी नीट पाहिलीच नव्हती. पीव्हीसीचा जाड पाइप, प्लायवूडची बैठक, आणि तळाशी सहा इंची आरसा, जो तुम्ही वागळे इस्टेटमधल्या नोकरीच्या काळात घरी बसून स्वतः घासला होतात. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाचा हात. गुरू आणि त्याच्या बाजूला ओळीने चार ठिपके. तिसरीतला एक मुलगा डोळा काढायला तयार नव्हता, आणि रांगेतलं कुणीही त्याला ओरडलं नाही.

कोजागरीला मसाला दुधाबरोबर शनीची कडी पाहिली. मग दिवाळीआधीच्या रविवारी तुम्ही मुलांना खाली पार्किंगमध्ये बसवलंत. आधी सगळ्यांनी घरून आणलेल्या वस्तू एका टेबलावर मांडायला लावल्यात: एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच, कुणाच्या तरी बाबांचा महागडा गॉगल. सगळं चांगलं आहे, पण सूर्यासाठी यातलं एकही नाही, म्हणालात. उजेड कमी झाला तरी डोळ्याला न दिसणारे किरण आत जातातच. आणि डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, त्यामुळे भाजलं तरी त्या वेळी पत्ता लागत नाही. मुलं एकदम गप्प झाली होती. मग तुम्ही त्यांना भिंतीवर सूर्याचं चित्र पाडणारा लिफाफा करायला शिकवलात. जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट, त्याला शर्टाच्या बटणापेक्षाही लहान चौकोनी खिडकी, आत दाढी करायचा छोटा आरसा. आरशाकडेही बघायचं नाही, फक्त भिंतीकडे. भिंत जितकी लांब, तितका सूर्य मोठा: अंतराला साधारण १०८ ने भागलं की चित्राची रुंदी.

आता आमच्या घरचं सांगते. हे तुमच्याशिवाय फारसं कुणाला माहीत नाही.

सासूबाईंनी आधीच ठरवलं होतं. पहाटेपासून वेध, पाण्यात तुळशीपत्र, मी विळीला-सुरीला हात लावायचा नाही, आणि ग्रहण लागल्यापासून मोक्षापर्यंत मागच्या खोलीत, खिडक्या लावून, पडदे ओढून बसायचं. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली, पोटातल्या बाळाला त्याने काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. पण दीड वर्षापूर्वी आमच्या घरात एकदा वाईट झालेलं होतं. आईंच्या डोळ्यांतली भीती खरी होती आणि मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं. मी हो म्हटलं. रात्री मात्र रडू आलं. १९९५ च्या ग्रहणाला मी आठ वर्षांची होते. तेही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी आलं होतं. तेव्हाही आम्हाला घरात कोंडलं होतं आणि दूरदर्शनवर खग्रासाच्या वेळी दिसणारी ती हिऱ्याची अंगठी पाहिली होती. इतक्या वर्षांनीही ग्रहण आपल्यासाठी बंद खोलीच, असं वाटलं.

तुम्ही फराळाला आलात तेव्हा आईंनी तुमच्यापुढे पंचांग धरलं. म्हणाल्या, "भाऊ, अमावास्या सव्वाचारच्या सुमारास संपते. आणि ग्रहणाचा स्पर्श दिलाय चार एकोणपन्नासला. मग सूर्यग्रहण प्रतिपदेला कसं लागेल?"

तुम्ही हातातली चकली खाली ठेवलीत. "वहिनी, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं," म्हणालात. मग त्यांना हाताचं बोट डोळ्यांसमोर धरायला लावलंत, एक डोळा मिटून, मग दुसरा. बोट मागच्या कपाटावरून सरकल्यासारखं दिसतं, कारण ते जवळ आहे. चंद्राचंही तसंच. अमावास्येची वेळ काढतात ती पृथ्वीच्या मध्यातून बघितल्यासारखी, आणि आपण उभे असतो वरच्या कडेवर. संध्याकाळी त्यामुळे जवळचा चंद्र पश्चिमेच्या क्षितिजाकडे खाली ओढल्यासारखा दिसतो, सूर्याच्या मागे पडतो, आणि सूर्याला गाठायला त्याला तासाभराहून जास्त उशीर होतो. याला लंबन म्हणतात, सूर्यसिद्धांतात त्याचं गणित आहे, असंही सांगितलंत. आईंनी तीन-चार वेळा बोट धरून पाहिलं. त्यांच्या पंचांगावरच्या प्रश्नाला इतकं पूर्ण उत्तर कुणी दिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आणि मग तुम्ही विचारलंत, "सूनबाई कुठे बसणार?"

"मागच्या खोलीत. अंधार करून."

"उत्तम. मला अंधारच हवाय. ती बाहेर येणार नाही, आकाशाकडे बघणार नाही. भिंतीकडे बघितलं तर चालेल ना?"

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भिंतीकडे बघायला काय होतंय."

तुमची गॅलरी सहाव्या मजल्यावर, आमच्या चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून सरळ पश्चिम दिसणारी, आणि आमच्या मागच्या खोलीची खिडकी तुमच्या गॅलरीकडे तोंड करून. मधलं अंतर तुम्ही आधीच काढून ठेवलं होतंत, साधारण २२ मीटर. मंगळवारी साडेचारला तुम्ही खालून हाक मारलीत. खिडकीचा एक दरवाजा वीतभर उघडायला सांगितलात, आणि तो आईंनीच उघडला. एक उजेडाचा गोळा आधी कपाटावर नाचला आणि समोरच्या भिंतीवर येऊन थांबला. ताटलीएवढा, जरा लांबट, कडेला किंचित मंद. सूर्य, आमच्या खोलीत.

तो थांबत नव्हता. हळूहळू सरकत होता आणि दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका पुढे जात होता. तुम्ही पलीकडून आरसा केसभर हलवून त्याला परत आणत होतात. सव्वा तास. हे नंतर हिशेब केल्यावर मला कळलं, तेव्हा फक्त इतकंच दिसत होतं की तो सारखा परत येतोय. दहा मिनिटांत कडेला खाच दिसू लागली. खालून मुलांचा आवाज आला, "लागलं, लागलं!" आई पलंगावर माझ्याशेजारी बसल्या होत्या, जपमाळ हातात. खाच वाढत गेली तशी माळ थांबली. पाच त्रेचाळीसला, मध्याच्या वेळी, त्या उठल्या, देवघरातली पेन्सिल आणली आणि भिंतीवर त्या सूर्याच्या कडेने भराभर रेघ ओढली, खाचेसकट. बाजूला आकड्यांत वेळ लिहिली. जवळजवळ चौथा हिस्सा गेलेला होता.

पंचांगात अस्त सहा आठचा होता, पण आपल्याकडे सूर्य त्याआधीच येऊरकडच्या डोंगरामागे जातो. हे तुम्ही आधी सांगून ठेवलं होतंत, तसंच झालं. गोळा लालसर होत गेला आणि मग वरून विरत गेला, कारण भिंतीवरचं चित्र उलटं असतं. खाच तशीच होती. ग्रासलेलाच मावळला. आईंनी सहा आठपर्यंत मला उठू दिलं नाही, आणि मलाही उठायचं नव्हतं.

तुम्हाला त्या दिवशी बाहेरचं ग्रहण नीट बघायला मिळालंच नाही. जुलै २००९ मध्ये खग्राससाठी तुम्ही सुरतेला गेला होतात, तिथे ढगांनी सूर्य दाखवला नाही. हे तुम्ही कितीदा हळहळून सांगितलं होतंत. आणि या वेळी आकाश मोकळं असताना तुम्ही सव्वा तास आकाशाकडे न बघता, आमची खिडकी बघत, आरसा धरून उभे राहिलात. काका, त्यासाठी तुमचे आभार. आईंना एकही शब्द तोडून न बोलल्याबद्दल आभार. अंधाऱ्या खोलीतून मला बाहेर न काढता ती खोलीच उपयोगाची केल्याबद्दल आभार.

मुलगी जानेवारीत झाली, छान आहे. गेल्या वर्षी रंगकाम काढलं तेव्हा आईंनी रंगाऱ्याला तेवढा भाग सोडायला लावला. पेन्सिलची रेघ पुसट झालीय, पण खाच दिसते. मुलगी तिच्यावर तळहात ठेवते आणि म्हणते, "काकांचा सूर्य."

२ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा ग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. सोमवार आहे, मी रजा टाकणार आहे. ऑगस्ट म्हणजे पाऊस असणार, ढगांची शक्यताच जास्त, तरीही तुम्ही या. समोर आता नवा टॉवर उभा राहतोय, त्यामुळे गॅलरीतून जमणार नाही. आपण गच्चीवर जाऊ. आई म्हणाल्या, भाऊंना कळव, मीही वर येईन. तुमचा लिफाफा त्यांनी त्या वर्षीच्या पंचांगात जपून ठेवलाय.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची सून
पाचपाखाडी, ठाणे