अखंड ओंडका नव्हे, १०६ तुळया

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बिल रीड यांच्यावरचा लेख वाचला. कॅनडातल्या हायडा या आदिवासी समाजातल्या शिल्पकारावर मराठीत पानभर मजकूर येतो याचा आनंद तिसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. ‘डोमकावळा आणि शिंपल्यातली पहिली माणसे’ हे त्यांचे प्रसिद्ध शिल्प ‘एका अखंड ओंडक्यातून एकहाती कोरले’ असे तिथे ठोकून दिले आहे. दोन्ही गोष्टी चूक आहेत.

त्या शिल्पाचा ठोकळा पिवळ्या सीडर या सूचिपर्णी झाडाच्या १०६ तुळया चिकटवून केलेला आहे. एवढा जाड ओंडका बाहेरून आधी सुकतो आणि आकसतो. गाभा ओलाच असल्याने तो आकसत नाही, मग सालीकडून आतपर्यंत चीर जाते. ती कावळ्याच्या चोचीवरून किंवा एखाद्या चेहऱ्यावरून गेली की काम वाया. तुळया सुट्ट्या वाळवता येतात, गाठाळ भाग आधीच बाजूला काढता येतो. पण त्याचा त्रास कोरणाऱ्याला होतो. शेजारच्या दोन तुळयांची शीर, म्हणजे लाकडातल्या रेषांची दिशा, उलटसुलट असेल, तर एकीवर सरळ चाललेली पटाशी दुसरीत शिरताच लाकूड उचकटते. प्रत्येक सांध्यावर हाताची दिशा बदलावी लागते.

‘एकहाती’चे म्हणाल तर रीड यांना पार्किन्सन (कंपवात) होता. १९७० साली हाच विषय त्यांनी बॉक्सवुड या कठीण लाकडात कोरला, तो जेमतेम सात सेंटिमीटर उंचीचा. १९८० साली पूर्ण झालेल्या मोठ्या शिल्पावर जिम हार्ट, जॉर्ज रॅमेल आणि आणखी काही जणांनी काम केले. ही नावे गाळणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

अखंड लाकडाचेच सांगायचे होते, तर १९८६ च्या व्हँकुव्हर एक्स्पो या जागतिक प्रदर्शनासाठी केलेली ‘लूटास’ ही ५० फुटी होडी होती. एका तांबड्या सीडरच्या बुंध्याची! तिला लेखात एक ओळ मिळाली आहे. अशी होडी आधी बाहेरून तासतात, मग आतून पोखरतात. जाडी कळावी म्हणून बाहेरून भोके पाडून ठरावीक लांबीच्या खुंट्या ठोकायची जुनी रीत आहे. आतून वाकस (लाकूड तासायचे हत्यार) चालवताना खुंटीचे टोक दिसले की थांबायचे. नंतर आत पाणी भरून तापलेले दगड टाकतात, वरून झाकतात. वाफेने लाकूड मऊ पडले की कडा हळूहळू बाहेर फाकवून आडव्या पट्ट्या बसवतात. कडा फाकताना मधोमध खाली बसतात, म्हणून तिथे आधीच उंचवटा ठेवून तासावे लागते. जाडी कमीजास्त राहिली, तर सगळा वाक पातळ जागी येतो आणि तिथेच होडी फाटते. दुरुस्तीला दुसरा बुंधा नसतो. १९९८ साली रीड यांच्या अस्थी याच होडीतून टानू या जुन्या हायडा गावी नेल्या.

आणखी एक. छायाचित्राखाली ‘रेड इंडियनांचे पूजेचे खांब’ असे छापले आहे. हायडा लोकांना हायडा म्हणावे. ते खांब पुजायचे नसतात. त्यांवर घराण्याची चिन्हे असतात, काही खांब मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले असतात.

येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सावंतवाडी