अकरावीत मुलांचं ढोल-पथक सोडवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांच्या ॲडमिशनवर जे पान आलं होतं ते आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर दिवसभर फिरत होतं. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते, मोठी मुलगी आता सप्टेंबरात बारावीत जाईल आणि धाकटा नववीत, त्यामुळे हा विषय आमच्या घरात रोजचाच. लेखातली माहिती चुकीची होती असं नाही, पण अकरावीत अजून काय काय करायचं याचीच सगळी यादी होती, रिसर्च पेपर, एनजीओ, स्टार्टअप, समर प्रोग्रॅम, आणि ते वाचून इथले काय आणि तिकडचे काय, पालक अजूनच घाबरणार. मला अगदी उलटं सांगायचंय. अकरावी हे नवीन काही सुरू करायचं वर्ष नाहीच, जे चालू आहे ते टिकवायचं वर्ष आहे, आणि आपल्या लोकांत नेमकं त्याच वर्षी मुलांचं चालू असलेलं बंद पाडतात.

आधी हे वर्ष एवढं महत्त्वाचं का ते सांगते, कारण तिकडच्या वाचकांना ही पद्धत माहीत असेलच असं नाही. इथे हायस्कूल नववी ते बारावी चार वर्षांचं. कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, अर्ली म्हणजे लवकरच्या फेरीचे बहुतेक १ नोव्हेंबरला आणि रेग्युलर म्हणजे नेहमीच्या फेरीचे जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे अर्ज वाचणाऱ्याच्या हातात पूर्ण वर्षाचे शेवटचे मार्क असतात ते अकरावीचे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर तिच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, दहावी आणि अकरावीचेच विषय धरते. आणि मार्कांबरोबर शाळेकडून एक स्कूल प्रोफाइल जातं, त्यात शाळेत कोणकोणते कोर्स मिळतात ते लिहिलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मुलाने त्याच्या शाळेत जे होतं त्यातलं काय घेतलं हे बघतात. शेजारच्या टाउनमधल्या मुलीने सात एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, घेतले म्हणून आपल्याने आठ घ्यायचे याला काही अर्थ नाही. जे झेपतं आणि ज्यात चांगली ग्रेड राहते ते घ्यावं.

कॅलेंडर म्हणाल तर खरंच एवढंच आहे. ऑक्टोबरात पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, अकरावीत दिलेली तीच नॅशनल मेरिट स्कॉलरशिपला धरतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत एपी परीक्षांची नोंदणी. जानेवारी-फेब्रुवारीत बारावीचे विषय निवडायचे. मार्च ते जूनमध्ये सोयीने एकदा किंवा दोनदा एसएटी नाहीतर एसीटी ही प्रवेशासाठीची परीक्षा, पण मेचे पहिले दोन आठवडे एपीचे असतात तेव्हा त्यावर दुसरं काही लादायचं नाही. शाळा सुटायच्या आत दोन शिक्षकांना शिफारसपत्रासाठी विचारायचं. १ ऑगस्टला कॉमन ॲप, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच चालणारा ऑनलाइन अर्ज, उघडतं, तोपर्यंत ६५० शब्दांच्या निबंधाचा कच्चा मसुदा झाला तर छान. बस.

टेस्टबद्दल मात्र ग्रुपवर अजून जुनंच फिरतंय की "आता एसएटी लागत नाही". कोविडमध्ये बऱ्याच कॉलेजांनी ती ऐच्छिक केली होती हे खरं, पण एमआयटीने २०२२ लाच परत आणली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक एकापाठोपाठ तिकडेच गेले, येलला एसएटीच्या ऐवजी एपीचे मार्क चालतात एवढाच फरक. कोलंबियाने ऐच्छिकच ठेवली आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांना तुम्ही स्कोअर पाठवला तरी ते ॲडमिशनला बघतच नाहीत. म्हणून प्रत्येक कॉलेजच्या साइटवर जाऊन स्वतः बघावं, मामाच्या मुलाच्या वेळी काय होतं ते विचारू नये. परीक्षा आता डिजिटल आहे, सव्वादोन तासांच्या आत संपते, आणि तयारीला खान अकॅडमी आणि परीक्षेच्याच ब्लूबुक ॲपमधल्या सराव परीक्षा फुकट आहेत. त्यासाठी हजारो डॉलर भरायची गरज बहुतेक मुलांना नसते.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. आमच्या भागात मराठी मुलं लहानपणापासून मराठी शाळेत जातात, तबला, नाटक, गणपतीचं ढोल-ताशा पथक, सगळं मनापासून करतात, आणि अकरावी लागली की आईबाप म्हणतात आता हे पुरे, आता प्रोफाइल बघ. ओळखीतल्या एका घरी कन्सल्टंटने सरळ सांगितलं की पथक सोडा, त्यात काही "इम्पॅक्ट" दिसत नाही, त्याऐवजी पैसे भरून रिसर्च घ्या. तो मुलगा पाचवीपासून ढोल वाजवत होता. कॉमन ॲपमध्ये उपक्रमांच्या दहा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीला कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत केलं, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे हे विचारलेलं असतं. नववी ते बारावी चारही चौकोनांवर टिक असलेली ओळ आणि फक्त अकरावीच्या उन्हाळ्यातली ओळ, यातलं कोणतं खरं आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही का?

मुलीने मेमध्येच गूगल डॉकवर या ओळी लिहून बघितल्या. वर्णनाला फक्त १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. ढोल-ताशा म्हणजे काय हे सांगण्यातच तिची निम्मी अक्षरं संपली, मग तिने ते सगळं काढून टाकलं आणि प्रत्यक्षात काय केलं तेच लिहिलं, नवीन मुलांना ठेका शिकवला, पार्किंग लॉटसाठी टाउनशिपची परवानगी काढली, शेजाऱ्यांची आवाजाची तक्रार आल्यावर सरावाची वेळ बदलून घेतली. हे तिने कॉलेजसाठी केलेलं नव्हतं. पथकातल्या दादा-ताईंनी तिच्यावर सोपवलं म्हणून केलं. सतरा वर्षांच्या मुलीने टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन बोलणं यात जे आहे ते कुठल्या विकतच्या सर्टिफिकेटात येणार सांगा. आणि उन्हाळ्याचंच म्हणाल तर चांगले प्रोग्रॅम फुकटच असतात, आमच्याकडचे न्यू जर्सी गव्हर्नर्स स्कूल, एमआयटीत होणारं आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट), पण तिथे निवड कठीण असते, हिवाळ्यातच अर्ज करावा लागतो. पैसे भरून कोणालाही मिळतो तो प्रोग्रॅम आवड असेल तर करा, ॲडमिशनसाठी करू नका.

शिफारसपत्राचंही तसंच. कॉलेजांना सहसा अकरावीतले मुख्य विषयांचे शिक्षक हवे असतात, एमआयटी तर एक गणित-सायन्सचे आणि एक भाषा किंवा सामाजिक शास्त्रांचे असे दोन मागते. पालकांचा हट्ट असतो की जिथे ए प्लस मिळाला त्याच सरांना विचार. मुलीने इतिहासाच्या बाईंना विचारलं, तिथे तिला वर्षाच्या सुरुवातीला चांगली ग्रेडच नव्हती. पहिल्या निबंधावर बाईंनी शेरा मारला होता की पुरावे भरपूर आहेत पण तुझं म्हणणं कुठे आहे, आणि मग ती वर्षभर लंचच्या सुट्टीत त्यांच्याकडे कच्चे मसुदे घेऊन जायची. बाईंनी पत्राआधी भरायला एक फॉर्म दिला त्यात प्रश्नच असा होता की माझ्या वर्गात तुला काय जमलं नाही आणि मग तू काय केलंस. तिने दोन पानं लिहिली. पत्र आम्हाला दिसणार नाही, ते बघायचा हक्क मुलं फॉर्मवरच सोडून देतात, पण त्या बाईंकडे लिहायला काहीतरी आहे हे मला माहितीये.

झोपेबद्दल कोणी बोलतच नाही. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असं इथले डॉक्टर सांगतात, बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकॅडमीने २०१४ मध्येच म्हटलंय की हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करू नका. कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला, आमच्याकडे अजून कितीतरी मुलं पावणेसातला बसस्टॉपवर उभी असतात आणि रात्री एकपर्यंत जागी. आमच्यापासून जवळच असलेल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो स्कूल डिस्ट्रिक्टचे प्रमुख (सुपरिंटेंडेंट) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी २०१५ मध्ये पालकांना १६ पानी पत्र लिहिलं होतं की मुलांवरचा ताण हाताबाहेर जातोय, मग हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा बंद केल्या, काही रात्री होमवर्क नाही असं ठरवलं. तेव्हा विरोध करणाऱ्यांत आपले भारतीय पालक बरेच होते. मला याचं अजून वाईट वाटतं, कारण ते पत्र आपल्याच मुलांच्या काळजीने लिहिलेलं होतं.

मुलांचं वेळापत्रक ठासून भरण्यापेक्षा आईबापांनी अकरावीत स्वतःची दोन कामं करावीत. पहिलं पैशाचं. सरकारी आर्थिक मदतीच्या फाफ्सा फॉर्मला जे उत्पन्न धरतात ते दोन वर्षं मागचं असतं, म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं, तेव्हा बारावीत जाग येऊन उपयोग नाही. मोठ्या खाजगी कॉलेजांचा खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर गेलाय, पण हार्वर्ड आणि एमआयटीने दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्वसाधारण घरांना ट्यूशन माफ केलीये, त्यामुळे नुसत्या आकड्याला घाबरू नका, प्रत्येक कॉलेजच्या साइटवर मदत वजा जाता खर्च किती येईल ते सांगणारं नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतं ते भरून बघा आणि आलेला आकडा मुलासमोर ठेवून बोला. इथलं सरकारी रटगर्स विद्यापीठ परवडतंय आणि बाकी नाही, असं असेल तर ते अकरावीत सांगा, बारावीच्या एप्रिलमध्ये ॲडमिशन हातात आल्यावर नाही. दुसरं व्हिसाचं. एच-४ वर, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर, असलेल्या मुलांना सरकारी मदत मिळत नाही, कितीतरी कॉलेजं त्यांना इंटरनॅशनल धरतात, सरकारी विद्यापीठांत राज्याराज्यांत नियम वेगळे, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असताना २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतं. इथेच वाढलेल्या मुलांना हे बारावीत अचानक कळतं आणि ती हादरतात. इंटरनॅशनल धरलेल्या मुलांचीही निवड आर्थिक गरज न बघता करणारी आणि पूर्ण मदत करणारी कॉलेजं मोजकी आहेत, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, बोडन वगैरे, पण प्रवेशाला सगळ्यात कठीण तीच.

पुण्या-मुंबईहून थेट अर्ज करणाऱ्यांसाठी एकच सांगते. तुमच्याकडे अकरावी हे दहावी आणि बारावीच्या मधलं सुटीचं वर्ष मानतात, इंटिग्रेटेडला नाव घालून कॉलेजात पाऊल न टाकता जेईईचा क्लास चालतो. अमेरिकेतली कॉलेजं नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात, आणि तुमच्या शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांचं पत्रही. ज्या कॉलेजात मूल गेलंच नाही तिथले सर त्याच्याबद्दल काय लिहिणार?

इथल्या शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात आणि पथकांचे सरावही आत्ताच चालू झालेत. तेव्हा हे पत्र जमल्यास ऑगस्टच्या आत छापावं, आणि पुढच्या वेळी याच पानावर एच-४ वरच्या मुलांबद्दल एखाद्या इमिग्रेशन वकिलाकडून सविस्तर लिहून घ्यावं ही विनंती.

कळावे,
एक पालक, एडिसन, न्यू जर्सी