विरोध झाला म्हणून गप्प बसायचं का?

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार. तुमच्या वाचकांच्या पत्रांत मागे एका सद्गृहस्थांनी लिहिलं होतं की धर्म ज्याचा त्याने आपल्या घरात ठेवावा, या ख्रिस्ती लोकांनाच दुसऱ्याला जाऊन सांगायची एवढी हौस का, आणि लोक विरोध करतात तरी थांबत कसे नाहीत. सूर थोडा तिखट होता पण प्रश्न रास्त आहे, आणि आमच्यातल्या बऱ्याच जणांना याचं धड उत्तर देता येत नाही म्हणून हे पत्र.

साधं उत्तर म्हणजे आम्हाला तसं सांगितलंय. येशूचे शिष्यांना शेवटचे शब्द काय तर जा, सगळ्या राष्ट्रांना शिष्य करा, माझे साक्षी व्हा. ही काही जास्त उत्साही लोकांसाठीची वेगळी स्कीम नाही, विश्वासाचाच भाग आहे. गावोगाव फिरून येशूविषयी सांगणारा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की मी सुवार्ता (म्हणजे येशूविषयीची शुभवार्ता) सांगतो यात माझी फुशारकी काहीच नाही, मला ते भागच आहे, नाही सांगितली तर माझी दुर्दशा होईल. त्याच्या कितीतरी आधी यिर्मया संदेष्टा लोकांच्या टिंगलीला इतका कंटाळला होता की त्याने ठरवलंच, आता देवाचं नावसुद्धा काढायचं नाही, आणि मग स्वतःच कबूल करतो की ते आतल्या आत हाडांत कोंडलेल्या आगीसारखं झालं, आवरता आवरेना. तेव्हा विश्वास ठेवा पण बोलू नका असं ख्रिस्ती माणसाला सांगणं म्हणजे त्याचा अर्धा विश्वास काढून घेणंच आहे. तोंडावर कुलूप लावून हा धर्म पाळताच येत नाही, निदान बायबलमध्ये तरी तसा कुठे दिसत नाही.

पण (आणि हा पण आमच्याच लोकांसाठी जास्त आहे) सांगायची आज्ञा आहे तशा तिच्या अटीही त्याच पुस्तकात आहेत, आणि त्या आम्ही सोयीने विसरतो.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचा, येशूनंतरच्या पहिल्या ख्रिस्ती लोकांची ही हकीकत, जवळजवळ पानापानावर विरोध आहे. चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान या येशूच्या शिष्यांना पकडून यहूदी पुढाऱ्यांच्या न्यायसभेपुढे उभं करतात, जन्मापासून पांगळा असलेला माणूस बरा केला आणि लोकांना येशूविषयी शिकवलं म्हणून. धमकी देतात की येशूचं नाव पुन्हा घ्यायचं नाही. ते म्हणतात, जे पाहिलं ऐकलं ते बोलल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. सुटून आल्यावर सगळे मिळून प्रार्थना करतात, आणि या प्रार्थनेत विरोधकांचा नायनाट कर असं नाही, विरोध थांबव असंसुद्धा नाही! त्यांच्या धमक्यांकडे बघ, आम्हाला धैर्याने बोलू दे, आणि लोकांना बरं करायला तू हात पुढे कर, एवढंच. आज आमच्या प्रार्थनासभांतून शत्रूंविरुद्ध मागण्यांची जी काय यादी वाचली जाते ती ऐकली की मला ही प्रार्थना आठवते.

बरं विरोध कशामुळे होतो तेही बघण्यासारखं आहे. फिलिप्पै शहरात एक दासी भविष्य सांगायची आणि तिच्या मालकांना त्यातून भरपूर मिळकत व्हायची. पौलाने तिच्यातला आत्मा घालवला, कमाई बुडाली, तर मालकांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फरफटत बाजारात नेलं. आणि तक्रार काय केली? आमचा धंदा बसला अशी नाही, तर हे यहूदी लोक आमच्या रोमी माणसांना न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतात आणि शहरात गडबड करतात. दुखणं खिशाचं आणि आरोप संस्कृतीचा. नंतर दोघांना छड्यांनी मारलं, आतल्या कोठडीत टाकलं, पाय खोड्यात अडकवले, आणि हे दोघे मध्यरात्री गाणी म्हणतायत, बाकीचे कैदी ऐकतायत. भूकंप झाला, दारं उघडली, आपले कैदी पळाले समजून तुरुंगाच्या अधिकाऱ्याने स्वतःवरच तलवार उपसली तर पौल ओरडून म्हणतो, स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. ज्याने खोड्यात अडकवलं त्याचाच जीव आधी वाचवला, सुवार्ता त्यानंतर सांगितली. त्याच रात्री तो अधिकारी या दोघांचे वळ धुतो, त्यांना घरी नेऊन जेवू घालतो. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी शहराचे अधिकारी निरोप पाठवतात की सोडलंय, गुपचूप जा. पौल म्हणतो, अजिबात नाही, आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय आम्हाला चारचौघांत मारलं, आता त्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावं. आणि ते आले, माफीच्या सुरात बोलले. म्हणजे सहन करणं म्हणजे कायदा माहीत नसल्यासारखं वागणं नव्हे. कायद्याने दिलेला हक्क मागणं हा काही अविश्वास नाही, पौलाने पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, अपीलसुद्धा केलं. कोणी मारलं तर उलटून मारायचं नाही हे बरोबर, पण तक्रारही करायची नाही असं मला तरी कुठे सापडलेलं नाही.

आता इफिस शहराची गोष्ट, जी मला वाटतं प्रत्येक मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) मोठ्याने वाचायला हवी. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त होता, तुरन्ना नावाच्या माणसाच्या पाठशाळेत रोज बोलायचा. तिथला देमेत्रिय नावाचा सोनार अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करायचा, त्याने कारागिरांना भडकवलं की धंदा जाईल आणि देवीचं महत्त्वही जाईल. सगळं शहर नाट्यगृहात जमा झालं, दोन तास नुसत्या घोषणा, आणि हे पुस्तक लिहिणारा लूक अगदी कोरडेपणाने लिहितो की जमलेल्या बहुतेकांना आपण कशासाठी आलोय हेच माहीत नव्हतं. शेवटी नगराचा चिटणीस येऊन गर्दीला शांत करतो आणि म्हणतो, या माणसांनी देवळं लुटलेली नाहीत आणि आपल्या देवीची निंदाही केलेली नाही, काही तक्रार असेल तर कोर्ट उघडं आहे.

ही साक्ष देणारा माणूस ख्रिस्ती नाही. दोन वर्षं रोज सुवार्ता सांगूनही शहराचा अधिकारी चारचौघांत म्हणू शकतो की यांनी आमच्या देवीला शिवी दिली नाही. हाताने केलेले देव हे देव नव्हेत असं पौल सांगत फिरतो हा देमेत्रियाचा आरोप होता आणि पौलाची शिकवण तशीच होती, ती त्याने लपवली नाही. पण आपलं म्हणणं मांडणं वेगळं आणि समोरच्याच्या श्रद्धेची टर उडवणं वेगळं. मोबाईलवर दुसऱ्याच्या देवांची चेष्टा करणारे व्हिडिओ टाकायचे आणि चार शिव्या पडल्या की लगेच माझा छळ होतोय म्हणून पोस्ट टाकायची, हा प्रकार हल्ली फार झालाय. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलंय की खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये, भोगायचंच तर ख्रिस्ती म्हणून. खुनी आणि चोराच्या यादीत त्याने ढवळाढवळ करणाऱ्याला बसवलंय, बघा. आणि त्याच पत्रात, कोणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा पण सौम्यतेने आणि आदराने, असंही आहे. आमच्याकडे या वचनातला पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो.

आणि लोक नको म्हणाले तर? तेही सांगितलेलं आहे. पायाची धूळ झटका आणि पुढे जा. शोमरोन प्रांतातल्या एका गावाने येशूला उतरू दिलं नाही तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का, तर येशू त्यांनाच रागावला आणि मग ते दुसऱ्या गावाला गेले. बस्स, एवढंच, वाद नाही, दारात ठाण मांडून बसणं नाही. अथेनै (अथेन्स) शहरात काहींनी पौलाची खिल्ली उडवली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू, थोड्यांनी विश्वास ठेवला, आणि तो तिथून निघाला. ऐकणाऱ्याचं मन वळवणं हे आमचं कामच नाही, आमचं काम बोलायचं. पैसे, नोकरी, औषधं, शाळेचा प्रवेश असलं काही दाखवून कोणाला आत ओढणं तर सरळ सरळ गुन्ह्यासारखंच मानायला पाहिजे, कारण पौल म्हणतो आम्ही छुप्या लाजिरवाण्या गोष्टी सोडल्यात आणि देवाच्या वचनाचा व्यापार करत नाही. तसं कोणी करत असेल तर त्याला होणारा विरोध हा सुवार्तेला विरोध नाही.

आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. सुवार्तेची छापील पत्रिका पुढे केली आणि समोरच्या बाईने नको म्हटलं तर त्या ती पत्रिका शांतपणे पर्समध्ये परत ठेवतात आणि गुडघा कसा आहे हो आता म्हणून विचारतात. आणि खरंच उत्तर ऐकायला थांबतात! तरुण पोरं त्यांना म्हणतात की मावशी तुम्ही फार लवकर माघार घेता. मला नाही वाटत.

अजून एक गोष्ट व्यासपीठावरून फार सहज बोलली जाते, की छळ झाला की मंडळी वाढतेच. नेहमी नाही वाढत. जपानमध्ये 1614 मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, नंतर कितीतरी लोक मारले गेले, कितीतरी जणांनी विश्वास सोडला आणि चर्च जवळजवळ पुसलं गेलं. उरले ते लपून राहिले, पाळक (म्हणजे धर्मगुरू) नाही, पुस्तकं जवळपास नाहीत, तोंडपाठ प्रार्थना आईबापांनी मुलांना शिकवल्या, आणि 1865 मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये काही लोक येऊन फ्रेंच पाळकाला हळूच म्हणाले की आमचा विश्वास तुमचाच आहे. अडीचशे वर्षं! चौकात उभं राहून बोलता येत नव्हतं तिथे लोक घरात बोलले, तीही साक्षच होती. आणि विरोध कायम दुसऱ्या धर्मवाल्यांकडूनच होतो असंही कोणी समजू नये, बायबल साध्या माणसाला वाचता यावं म्हणून इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडेलला 1536 मध्ये गळा आवळून जाळलं ते ख्रिस्ती सत्तेनेच. तेव्हा छळ सोसणारे आपणच, असा टेंभा आम्ही मिरवू नये.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. इ.स. 112 च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजनला विचारलं होतं की या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय. ट्रेजन काही आमचा मित्र नव्हता, गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा द्या असंच त्याने कळवलं, पण निनावी तक्रारी मात्र घेऊ नका हेही बजावलं. तुमच्याकडे अशा वादाची बातमी आली की प्रार्थनासभेवरून वातावरण तापलं एवढ्यावर ती सोडू नका. तिथे नेमकं काय बोललं गेलं, कोणी कोणाला काय देऊ केलं की नाही, तक्रार कोणाच्या नावाने आहे, आधी हात कोणी उचलला, हे विचारून छापा. आमच्या माणसाने आमिष दाखवलं असेल तर तेही छापा, आम्हाला ते कळायलाच हवं.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक