केटामाइनचे इंजेक्शन कुठे मिळते, असे विचारणाऱ्यांसाठी

महोदय,

केटामाइनने दारू सुटते, असे संदेश हल्ली नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहेत. परवा भावजयीने मला विचारले, "ताई, हे इंजेक्शन आपल्याकडे कुठे मिळतं?" तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षे पितो आहे, मनाने तर तो त्याच्याही आधीपासून खचलेला आहे. व्यसनमुक्ती केंद्रात सांगितले, दारू सुटली की मन आपोआप ताळ्यावर येईल. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, आधी दारू थांबवा, मग गोळ्या लागू पडतील. दोन्हीकडच्या फायली माझ्या कपाटात आहेत. एकीत दुसरीचा उल्लेखसुद्धा नाही.

म्हणून मी स्वतः वाचायला बसले. केटामाइन हे भुलीचे जुने औषध, अमेरिकेत १९७० पासून मान्य असलेले. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात; याने काही तासांत बरे वाटलेले रुग्ण आहेत, पण तो गुण बरेचदा काही दिवसांतच ओसरतो. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने दारूचे तीव्र व्यसन असलेल्या ९६ जणांवर याची चाचणी घेतली. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आठवड्याला एक, असे तीनदा औषध शिरेतून दिले. केटामाइन मिळालेले लोक ते न मिळालेल्यांपेक्षा पुढच्या सहा महिन्यांत जास्त दिवस दारूपासून दूर राहिले, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांचे नैराश्यही कमी होते. सर्वांत चांगला निकाल मात्र औषधाबरोबर मानसोपचार मिळालेल्यांचा होता. आणि पुन्हा प्यायला लागलेल्यांच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, हेही त्याच अहवालात आहे. व्हॉट्सॲपवर एवढे वाक्य तेवढे गळते.

शिवाय ती माणसे चाचणीत आली तेव्हा दारू थांबवून आली होती. औषध देताना डॉक्टर शेजारी होते, कारण केटामाइनने रक्तदाब चढतो, भान सुटते, आणि त्याचेही व्यसन लागते. अभिनेता मॅथ्यू पेरी नैराश्यावर केटामाइनचे उपचार घेत होता. नंतर तो ते बाहेरून मिळवू लागला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातच गेला. आपल्याकडे हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. कुणी ओळखीने मिळवून देतो म्हणाला, तर कृपया घेऊ नका.

माझी मागणी केटामाइनची नाहीच. जिल्हा रुग्णालयात दारू आणि नैराश्य एकाच डॉक्टरांनी, एकाच केसपेपरवर तपासावे, एवढीच आहे. भावाला घेऊन मी पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहीन.

– एक वाचक, सातारा
(कृपया नाव छापू नये.)